‘तुम्ही स्वतः गाता का?’ : हौशी संगीतसमीक्षक आणि त्याच्यावरील टीका

संगीताच्या मैफलीविषयी वा भजनस्पर्धेविषयी एखाद्या अध्यापकाने स्थानिक वृत्तपत्रात परीक्षण लिहिले, की पहिला आक्षेप बहुधा त्याच्या विधानावर येत नाही. तो त्याच्या अधिकारावर येतो. ‘आपण कोणाकडे शिकलात?’, ‘आपण स्वतः गाता का?’, ‘अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने तोडीविषयी का लिहावे?’ असे हे प्रश्न असतात. कर्जत–खालापूरसारख्या परिसरात ते विशेष टोकदार होतात. मुंबईतील परीक्षक ज्या गायकाविषयी लिहितो तो त्याला पुन्हा वर्षभर भेटत नाही. येथे मात्र ज्याच्या आवाजाविषयी रविवारी लिहिले तो सोमवारी सकाळी कर्जतहून सुटणाऱ्या लोकलच्या फलाटावर शेजारीच उभा असतो, किंवा त्याचा मुलगा आपल्याच वर्गात बसलेला असतो. परिणामी दोन-तीन परीक्षणांनंतर बहुतेकांची लेखणी थांबते, अथवा केवळ ‘रसिकांना मंत्रमुग्ध केले’ एवढेच लिहू लागते. प्रस्तुत लेखात या आक्षेपांना हौशी समीक्षकाने कसे सामोरे जावे, याचा विचार मराठी संगीतसमीक्षेतील तीन उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मराठीतील आधुनिक संगीतविचाराची उभारणी बऱ्याच अंशी अशा ‘अनधिकारी’ माणसांनीच केली आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे शिक्षणाने वकील होते. १८८७ साली कायद्याची पदवी घेऊन त्यांनी काही काळ वकिलीही केली. केशवराव भोळे वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून आलेले. वामनराव देशपांडे व्यवसायाने सनदी लेखापाल. या तिघांपैकी कोणीही परंपरेने गवयाच्या घरात जन्मलेला नव्हता, आणि ‘तुम्ही गाता का?’ हा प्रश्न तिघांनाही चुकविता येण्यासारखा नव्हता.

भातखंड्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर काहीसे वाकडे आहे. १९१० साली प्रसिद्ध झालेला ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुरपंडित’ या नावाने लिहिला, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मराठी ग्रंथ ‘विष्णुशर्मा’ या नावाने. मराठी ग्रंथात चतुरपंडिताचे मत आधार म्हणून पुढे येते, म्हणजे लेखक स्वतःलाच प्रमाण मानतो आणि वाचकास ते जणू दुसऱ्या कोणाचे मत वाटते. गवयांच्या व शास्त्रीपंडितांच्या दुहेरी अविश्वासापुढे त्यांनी योजिलेली ही युक्ती समजण्यासारखी असली, तरी समीक्षाव्यवहाराच्या दृष्टीने ती समर्थनीय मानता येत नाही. मात्र याच ग्रंथाची दुसरी बाजू फार मोलाची आहे. तो गुरु-शिष्यसंवादाच्या रूपात लिहिलेला असून त्यातील शिष्य शंका काढतो, मतभेद पुढे ठेवतो, एकाच रागाची दोन रूपे का ऐकू येतात असे विचारतो. टीका छापून येण्याची वाट न पाहता ती आपल्याच लेखनात मांडून तिचा विचार करणे, ही भातखंड्यांची खरी शिकवण होय. दहा थाटांच्या त्यांच्या व्यवस्थेवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. ते घेता आले, कारण व्यवस्था उघड, तपासता येईल अशा शब्दांत मांडलेली होती.

केशवराव भोळ्यांचे उदाहरण आपल्या विषयाच्या अधिक निकट आहे, कारण ते खऱ्या अर्थाने परीक्षक होते. हयात, गात असलेल्या कलावंतांविषयी त्यांनी लिहिले. ‘आजचे प्रसिद्ध गायक’ (१९३३) या त्यांच्या पुस्तकाच्या नावातील पहिलाच शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दिवंगत गवयाविषयी लिहिणे सोपे असते. तो उत्तर देत नाही. भोळ्यांनी या लेखनासाठी घेतलेले टोपणनाव ‘एकलव्य’ हे होते. त्या नावात ‘गुरू कोण?’ या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवलेले आहे: ऐकून शिकलो, कोणाच्या ओसरीवर बसून नव्हे. या नावामागे लपण्याचा हेतू किती आणि घोषणा करण्याचा किती, हे सांगणे कठीण असले तरी प्रस्तुत लेखकास घोषणेचा भाग अधिक वाटतो. इंग्लंडमध्ये बर्नार्ड शॉ यांनीही १८८८ च्या सुमारास एका वाद्याचे नाव टोपणनाव म्हणून घेऊन संगीतपरीक्षणे लिहिली. परंतु १८९० पासून दुसऱ्या पत्रात ते स्वतःच्या आद्याक्षरांनी लिहू लागले. नाव उघड झाल्याने त्यांच्या लेखणीची धार बोथट झाली नाही, ही गोष्ट टोपणनावाचे समर्थन करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

भोळ्यांची खरी अडचण वेगळीच होती. ज्या १९३३ साली त्यांचे पुस्तक निघाले, त्याच साली ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्याचे संगीत भोळ्यांचे होते आणि त्यात गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई त्यांच्या पत्नी होत. पुढे ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) अशा चित्रपटांचे संगीतही त्यांनी दिले. म्हणजे ‘तुम्ही गाता का?’ हा आक्षेप संपला आणि ‘तुम्ही तर या धंद्यातलेच, मग निःपक्षपाती कसे?’ हा त्याच्या नेमका विरुद्ध आक्षेप उभा राहिला. हौशी असलात तर अज्ञानी, व्यावसायिक झालात तर हितसंबंधी! या पेचातून अधिकाराच्या मार्गाने सुटकाच नाही, हे येथे स्पष्ट होते. समीक्षकाचा अधिकार कितीही वाढविला तरी त्याच्याविरुद्ध एक आक्षेप शिल्लक राहतोच. म्हणून त्या आक्षेपाला उत्तर देत बसण्यात अर्थ नाही. आपला संबंध काय तो एका वाक्यात सांगावा आणि विधानाकडे वळावे.

वामनराव देशपांडे (१९०७–१९९०) यांनी नेमके हेच केले, म्हणून त्यांच्या उदाहरणाजवळ थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात त्यांनी घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या आधारे केली. एका टोकाला स्वराला सर्वस्व मानणारे किराणा घराणे, दुसऱ्या टोकाकडे लयीवर भर देणारे आग्रा घराणे आणि या दोहोंचा तोल साधणारे जयपूर घराणे, असा त्या मांडणीचा गाभा सांगता येईल. देशपांडे यांनी स्वतः जयपूर गायकीची तालीम घेतली होती. त्यामुळे ‘ज्या घराण्यात शिकलात तेच मध्यभागी ठेवलेत’ हा आक्षेप अपरिहार्य होता. तो गैरही म्हणता येत नाही. निष्कर्ष आणि निष्ठा एकाच ठिकाणी येऊन मिळतात तेव्हा वाचकाने सावध झालेच पाहिजे.

तथापि या आक्षेपाने ग्रंथ कोसळत नाही, आणि त्याचे कारण ग्रंथाच्या लेखनपद्धतीत आहे. देशपांडे यांनी ‘जयपूर गायकी श्रेष्ठ, कारण ती मला भावते’ असे म्हटले असते, तर वाद रुचीचा झाला असता आणि तेथेच संपला असता. त्यांनी निकष सांगितला, तो सर्व घराण्यांना लावला आणि प्रत्येकाचे स्थान दाखविले. त्यामुळे प्रतिवाद करणाऱ्यालाही काम मिळाले. आग्रा गायकीचा चाहता फैयाझखाँ यांची नोमतोमची आलापी पुढे ठेवून विचारू शकतो की, येथे स्वराचे दुर्लक्ष कोठे आहे? अन्य कोणी म्हणू शकतो की, स्वर आणि लय ही एकाच रेषेची दोन टोके मानणे हेच मुळात चुकीचे; एक वाढले म्हणजे दुसरे घटते असा नियम संगीतात नाही. हा दुसरा आक्षेप प्रस्तुत लेखकास अधिक बळकट वाटतो. परंतु दोन्ही आक्षेप विधानावरचे आहेत, विधान करणाऱ्या माणसावरचे नाहीत. टीका विधानाकडे वळेल असे लिहिणे, हेच तिला सामोरे जाण्याचे पहिले पाऊल होय. ते परीक्षण छापून येण्यापूर्वीच टाकावे लागते.

टीका माणसाकडेच वळली तर काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण व्हिएन्नातील आहे. एडुआर्ड हान्स्लिक हा कायद्याचा पदवीधर. १८५४ मधील संगीतसौंदर्यावरील छोट्या ग्रंथामुळे तो ख्यातनाम झाला. वाग्नरच्या संगीताला त्याने विरोध केला, तेव्हा वाग्नरने ‘मायस्टरसिंगर’ या संगीतिकेच्या १८६१ मधील मसुद्यात चुका मोजणाऱ्या हास्यास्पद परीक्षकाला हान्स्लिकच्याच नावाशी मिळतेजुळते नाव दिले. १८६८ साली संगीतिका रंगभूमीवर आली तेव्हा नाव बदललेले होते; पात्र मात्र राहिले. हान्स्लिकने यावर लेखन सोडले नाही. तो पुढेही दशकानुदशके परीक्षणे लिहीत राहिला.

आपल्या परिसरातील परीक्षकाला वाग्नर भेटणार नाही. पण भजनी बुवा भेटतील, आणि त्यांची टीका हान्स्लिकवरील टीकेपेक्षा अधिक विचारार्ह असू शकेल. येथील गणेशोत्सवात, हरिनाम सप्ताहात, गावच्या जत्रेत जे संगीत ऐकू येते त्याचे परीक्षण आपण अध्यापक मंडळी बहुधा ख्यालाच्या निकषांवर करतो. आवाज फार चढा लागला, रागाची शुद्धता राहिली नाही, पखवाज गायनावर मात करीत होता, असे आपण लिहितो. त्यावर बुवा म्हणाले की ‘भजन म्हणजे मैफल नव्हे’, तर ते अधिकाराविषयीही बोलत नाहीत आणि एखाद्या तपशिलाविषयीही नाहीत; ते निकषाविषयी बोलत आहेत. ध्वनिक्षेपकाशिवाय उघड्या मंडपात, टाळांच्या गजरात पहिला चरण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावयाचा असेल तर चढा आवाज हा दोष उरत नाही. चाळीस कंठांनी एकत्र उचलावयाच्या चालीत सूक्ष्म मींड असणे हीच अडचण ठरेल. अशा टीकेपुढे ‘मी घरंदाज गायकी ऐकली आहे’ हे उत्तर होऊ शकत नाही. पुढच्या सप्ताहात पुन्हा जाऊन, चाल कोणी उचलली, कोठे तुटली, मृदंगाची थाप गायकाला सावरून घेत होती की ढकलत होती, हे ऐकावे लागते.

तपशिलाच्या चुकीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. बंदिशीचे नाव, राग किंवा ताल चुकला असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी, आणि ती परीक्षण ज्या जागी आले त्याच जागी द्यावी.

टोपणनावाचा प्रश्न मात्र आपल्या व्यवसायाशी निगडित असल्याने उरतो. तज्ज्ञपरीक्षित नियतकालिकांमुळे अनामिक परीक्षणाची पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे. लेखक कोण हे परीक्षकाला ठाऊक नसते आणि परीक्षक कोण हे लेखकाला. तालुक्याच्या गावातील संगीतपरीक्षणात याच्या अगदी उलट स्थिती असते. तेथे टोपणनाव आठवडाभरही टिकत नाही, आणि उघड झाल्यावर परीक्षणातील प्रत्येक वाक्य हिशेब चुकता करण्यासाठी लिहिले होते असे मानले जाते. गायकाशी असलेले नाते, मंडळाचे सदस्यत्व, स्वतः घेतलेली वा न घेतलेली तालीम हे सारे नावासह आरंभीच नमूद केले, तर निदान तेवढे तरी शोधून काढण्याचे काम टीकाकाराला उरत नाही आणि ज्या तानेविषयी लिहिले आहे त्या तानेविषयी बोलणे भाग पडते.