‘स्लरी’, ‘निवळी’ आणि ‘गोडे पाणी’

गोबरगॅस संयंत्राविषयीच्या मराठी मार्गदर्शनपर लेखनात ‘स्लरी’ हा शब्द फार सैलपणे योजला जातो. शेण व पाणी समभाग कालवून संयंत्रात सोडतात ती स्लरी. कुजून बाहेर पडते तीही स्लरी. चोथा काढल्यावर उरलेल्या पाण्यासही पुष्कळदा तेच नाव. वस्तुतः हे तीन भिन्न पदार्थ होत. कुजण्याच्या क्रियेत नत्र नाहीसे होत नाही. त्याचा बराच अंश सेंद्रिय रूप सोडून अमोनियमच्या रूपात येतो. असा द्रव उन्हात वाळत घातल्यास अमोनिया हवेत उडून जातो, आणि ‘उत्तम खत’ म्हणून शेतात पडतो तो पुष्कळ अंशी नुसता चोथा. स्फुरद मुख्यतः घन कणांबरोबर राहतो, पालाश पाण्याबरोबर जातो. पहिल्यास शेणकाला, दुसऱ्यास रबडी व तिसऱ्यास निवळी म्हटल्यास हा भेद नावातच उमटेल. वऱ्हाडी उच्चारात ळकाराचा यकार होतो (डोळा, डोया), सबब ‘निवळी’ हे रूप तेथे टिकणार नाही, हा आक्षेप गौण होय. परिभाषेस अर्थाची एकता लागते, उच्चाराची नव्हे.

याहून गंभीर दोष ‘शुद्ध पाणी’ या प्रयोगात आहे. निवळीच्या बियांनी गढूळ पाणी निवळते, खारे पाणी गोडे होत नाही. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात हे कोणास शिकवावे लागत नाही. तेथील विहिरीचे पाणी दिसावयास नितळ, पण पिण्यास व ओलितास बहुधा निरुपयोगी. म्हणून बोलीने ‘खारे’ आणि ‘गोडे’ असा भेद जपला आहे. संस्कृत ‘शुद्ध’ या शब्दाने हा भेद पुसला जातो. गाळलेल्या द्रवात मॅग्नेशियमचा क्षार घालून स्फुरद व काही नत्र स्ट्रुव्हाइटच्या स्फटिकरूपाने काढून घेता येते. तथापि पालाश व सोडियम मागे राहतात. असे पाणी ‘शुद्ध’ समजून वर्षानुवर्षे निचरा नसलेल्या काळ्या जमिनीस दिल्यास मुळातच चोपण जमीन अधिक चोपण होण्याचे भय आहे.

खरोखर गोडे पाणी हवे तर व्यस्त परासरणाचा अवलंब करावा लागतो. ही क्रिया खर्चाची आहे, आणि तीत एका बाजूस गोडे पाणी मिळते तर दुसऱ्या बाजूस क्षारांनी दाटलेला द्रव उरतो. या उरलेल्या द्रवास मराठीत अद्याप रूढ नाव नाही, त्यामुळे तो कोठे सोडावयाचा हा प्रश्नही मार्गदर्शनपर लेखनात क्वचितच विचारला जातो.