पंचाची ग्वाही आणि न्यायाधीशाचा निर्णय

गाजलेल्या फौजदारी खटल्यात ज्यूरीसाठी पाचारण केलेल्या नागरिकाला विचारले जाते : कानी आलेले सारे बाजूला ठेवून केवळ पुराव्यावर निर्णय देता येईल काय? प्रश्न सरळ आहे. परंतु पूर्वग्रह ज्याच्या मनात असतो त्यालाच तो बहुधा दिसत नाही. अमेरिकेतील पंचांच्या पूर्वपरीक्षेचा विचार या अडचणीपासूनच सुरू व्हावयास हवा.

तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये अर्विन विरुद्ध डाउड या खटल्यात ही अडचण ओळखली होती. इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल परिसरात १९५४-५५ मध्ये सहा खून झाले. पकडलेल्या आरोपीने सर्व खुनांची कबुली दिल्याचे पोलीस व सरकारी वकील यांनी वृत्तपत्रांना कळविले. खटला शेजारच्या गिब्सन परगण्यात हलविण्यात आला. पण तीच वृत्तपत्रे तेथील सुमारे ९५ टक्के घरांत जात होती. पाचारण केलेल्या ४३० जणांपैकी २६८ जणांना आरोपीच्या दोषाविषयीच्या ठाम मतामुळे वगळावे लागले. निवडलेल्या १२ पंचांपैकी ८ जणांनाही तो दोषीच वाटत होता. तथापि प्रत्येकाने निःपक्षपाताची ग्वाही दिली आणि आरोपीला देहान्ताची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. पंचाने अनभिज्ञ असलेच पाहिजे असे नाही; मात्र त्याची ग्वाही म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, हे या निर्णयाचे सार होय. फेरखटल्यात आरोपीला जन्मठेप झाली. ग्वाही पडताळण्यावर एका माणसाचे प्राण अवलंबून होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

परंतु ही पडताळणी शक्य झाली ती पंचांनी आपली मते उघड केली होती म्हणूनच. १९९१ च्या मुमिन विरुद्ध व्हर्जिनिया या निर्णयाने नेमका हाच आधार दुबळा केला. त्या खटल्यात १२ पैकी ८ पंचांच्या कानी प्रकरणाची वार्ता गेली होती; ती कोणती, हे मात्र त्यांना विचारले गेले नाही. असे विचारणे राज्यघटनेनुसार आवश्यक नाही, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी झाला. एकाचे उत्तर ऐकून इतरांची मने दूषित होतील, आणि ते टाळण्यासाठी प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागेल, ही बहुमताची अडचण खोटी नव्हे. तथापि तिच्यामुळे प्रश्नाची रीत बदलावी लागते. प्रश्नच सोडून द्यावा असे सिद्ध होत नाही.

एन्रॉन कंपनीचे अधिकारी स्किलिंग यांच्या खटल्यात ही रीत काही अंशी अवलंबिली गेली. ह्यूस्टन येथे पाचारण केलेल्यांकडून ७७ प्रश्नांची लेखी उत्तरे आधीच घेण्यात आली व पुढे एकेकाची स्वतंत्र तपासणी झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही निवड ग्राह्य मानली. मात्र ही तोंडी तपासणी अवघ्या पाच तासांत उरकली होती, आणि न्यायमूर्ती सोटोमायर यांनी भिन्नमतपत्रिकेत तिच्या अपुरेपणावर बोट ठेवले. लेखी उत्तरे हाती असूनही त्यांचा पाठपुरावा न झाल्यास परीक्षा पुन्हा ग्वाहीवरच येऊन थांबते.

मनाचा तळ कोणत्याही प्रश्नावलीने दिसत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण पंचाने काय ऐकले, हे त्याला सांगता येते. त्याचा मनावर किती परिणाम झाला, हे त्याला सांगता येईलच असे नाही. पहिली गोष्ट वस्तुस्थितीची आहे, दुसरी निर्णयाची. पहिली न विचारता दुसरीचे उत्तर स्वीकारणे म्हणजे न्यायाधीशाचे काम पंचावर सोपविणे होय.