तोंडलीचा वेल आणि वाय गुणसूत्र : लिंग-गुणसूत्रांच्या अध्यापनाची एक चिकित्सा

पदवी स्तरावर लिंग-गुणसूत्रांचा परिचय बहुधा मानवी आकृतीने करून दिला जातो. एकीकडे सुमारे साडेपंधरा कोटी क्षारजोड्यांचे लांब एक्स, शेजारी ६ कोटींहून थोडे मोठे असे आखूड वाय. आकृती अचूक आहे. परंतु तिच्यातून विद्यार्थ्याच्या मनात रुजणारे समीकरण सदोष आहे. 'भिन्न होणे म्हणजे आखूड होणे' हे ते समीकरण होय. ते खोडून काढणारा पुरावा महाराष्ट्राच्या कुंपणांवरच वाढतो, आणि त्याचा पहिला शोधही पुण्यातील संशोधकांच्या नावावर आहे.

एल. एस. एस. कुमार व जी. बी. देवडीकर यांनी १९४० मध्ये 'करंट सायन्स'मध्ये तोंडलीच्या लिंग-गुणसूत्रांची नोंद प्रसिद्ध केली. तोंडलीचे नर व मादी वेल स्वतंत्र असतात. दोहोंत २४ गुणसूत्रे. मादीत एक्स-एक्स, नरात एक्स-वाय. विशेष असे की येथे वाय हेच पेशीतील सर्वांत मोठे गुणसूत्र आहे. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ते वेगळे ओळखू येते. पुढे २०१३ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी नर वेलाच्या पेशीतील डीएनए मादीपेक्षा सुमारे १० टक्के अधिक असल्याचे दाखविले. या जातीचे वयही त्यांनी सुमारे ३० लाख वर्षे इतकेच काढले. मानवी जोडीचा आरंभ मात्र १६ ते १८ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो.

एकाच प्रक्रियेतून आखूड आणि अवाढव्य असे दोन्ही वाय कसे निपजतात? मूळ कारण पुनःसंयोजन थांबणे हे आहे. आरंभी दोन्ही गुणसूत्रे सारखीच असतात. त्यांपैकी एकावर लिंग ठरविणारे जनुक येते. नंतर व्युत्क्रमणासारख्या फेरबदलांमुळे त्याच्या लगतच्या भागाची जोडीदाराशी होणारी देवाणघेवाण बंद पडते. असा भाग पिढ्यान्‌पिढ्या नराकडूनच नराकडे जातो. त्यातील घातक उत्परिवर्तने गाळून टाकण्याची सोय उरत नाही, म्हणून जनुके निकामी होतात. मात्र त्याच कारणाने पुनरावृत्त क्रमांची व 'उड्या मारणाऱ्या' जनुकीय घटकांची गर्दीही वाढत जाते. पहिला परिणाम आशय घटवितो, दुसरा लांबी वाढवितो. तोंडलीत दुसऱ्याचा जोर दिसतो. मानवात दीर्घ काळानंतर तुकडे गळून पडलेले दिसतात. म्हणजे लांबी हे भिन्नतेचे माप नव्हेच. पुण्याच्या आयसर या संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या २०२० च्या अभ्यासात तोंडलीच्या वायवरील जनुकांची झीज झाल्याचे, आणि ती तूट भरून काढणारी यंत्रणा कार्यरत असल्याचे पुरावे मिळाले. फुगलेले वायही आतून पोकळ असू शकते!

पपई ही या प्रवासातील आधीची पायरी म्हणून शिकविण्याजोगी आहे. तिची लिंग-गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. भेद आहे तो गुणसूत्राच्या एका मर्यादित भागातला. तरीही उभयलिंगी झाडाच्या स्वपरागणातून उभयलिंगी व मादी रोपे दोनास एक या प्रमाणात मिळतात, कारण दोन वाय असलेले बीज जगत नाही. रोपवाटिकेतील हे गुणोत्तर लिंग-गुणसूत्रांच्या चर्चेत क्वचितच येते.

या एकांगी मांडणीचा परिणाम केवळ परीक्षेपुरता राहत नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मानवी वाय सुमारे १ कोटी वर्षांत नाहीसे होईल, असे भाकीत मांडले गेले आणि वृत्तपत्रांनी ते पुरुषजातीच्या अंताची वार्ता म्हणून रंगविले. जनुके एकाच गतीने गळत राहतील हे त्यामागील गृहीतक होते. २०१२ मध्ये ऱ्हीसस माकडाच्या वायशी केलेल्या तुलनेत मात्र गेल्या अडीच कोटी वर्षांत मानवी वायने केवळ एक मूळ जनुक गमावल्याचे दिसले. झीज आरंभी वेगवान असते व नंतर मंदावते. उरलेली जनुके निवडीने जपली जातात. 'ऱ्हास' ही रूढ संज्ञा हा टप्पा झाकून टाकते. 'झीज' हा शब्द अधिक प्रामाणिक ठरावा.

कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांना तोंडलीची गुणसूत्रे प्रत्यक्ष दाखविणे अवघड नाही. नर वेलाच्या कोवळ्या कळीतील परागकोशाची काचपट्टी त्यासाठी पुरते. नर वेल मात्र मळ्यात शोधून उपयोग नाही, कारण लागवड फळे देणाऱ्या मादी वेलांच्या छाटांपासूनच होते. त्यासाठी रानातील कुंपणेच धुंडाळावी लागतात, तीही वेल फुलल्यावर.