स्टुटगार्टमधली वरणफळं

वरोऱ्यात पाहुणे आले की आपण त्यांना बाहेर जेवायला नेतो. हायवेवरचं फॅमिली रेस्टॉरंट, एसी हॉल, आणि ऑर्डर ठरलेली: पनीर बटर मसाला, काजू करी, बटर नान. घरी आईनं केलेली वरणफळं पाहुण्यांच्या ताटात कुणी वाढत नाही. उकळत्या वरणात कणकेचे तुकडे सोडून एका भांड्यात भागवलेलं जेवण ते, त्याचं काय कौतुक करायचं?

मागच्या हिवाळ्यात जवळपास हेच जेवण मी जर्मनीत सोळा युरो देऊन जेवलो.

माझा मावसभाऊ स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. मी गेलो तेव्हा म्हणाला, "दादा, बर्गर-पिझ्झा रोजचाच आहे. एकदा गास्टहाउसमध्ये चल." गास्टहाउस म्हणजे तिथली जुन्या वळणाची खाणावळ. बुटकं छत, भिंतींना लाकडी फळ्या, कोपऱ्यात हिरव्या फरशांची शेगडी. दाराजवळच्या गोल टेबलावर 'श्टामटिश' अशी पाटी होती. ते टेबल रोजच्या गिऱ्हाइकांचं, रिकामं असलं तरी आपण बसायचं नाही. आपल्याकडे चहाच्या टपरीवरही बाकड्याचा कोपरा असाच ठरलेला असतो, फक्त पाटी लागत नाही.

आम्ही मागवलं 'लिन्झेन मिट श्पेत्झले'. स्टुटगार्टभोवतीच्या श्वाबेन भागाचा हा मानाचा पदार्थ. अख्खा मसूर गाजर-कांदा घालून शिजवतात आणि शेवटी त्यात व्हिनेगर टाकतात. श्पेत्झले म्हणजे मैदा आणि अंड्याचं सैलसर पीठ लाकडी पाटीवर पसरून, सुरीनं खरवडून उकळत्या पाण्यात सोडलेले तुकडे. वर दोन उकडलेले सॉसेज. पहिला घास घेतला आणि तोंडातून निघालंच, "अबे, हे त वरणफळंच आहे!" भाऊ हसला. म्हणाला, "मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा आईला फोन लावला होता."

चवीचं खरं सांगायचं तर मसूर उत्तम होता. दाणा शिजलेला पण फुटलेला नव्हता, आणि आपण चिंचेनं आणतो तो आंबटपणा व्हिनेगरनं आणलेला. श्पेत्झले मऊ, तरी दाताला लागणारे. सॉसेज मात्र उगाच होते. त्यांनी मसुराला काही दिलं नाही, त्याच्याकडून काही घेतलंही नाही. आणि लसणाची फोडणी नाही, वरून कच्चं तेल नाही, तिखट नाही. अर्ध्या ताटानंतर एकसुरी वाटायला लागतं.

दुसरं ताट माउलटाशेनचं. पिठाच्या पारीत मांस, पालक आणि पाव भरलेले चौकोनी पुडे. दिसायला आपल्या सांभारवडीचे चुलतभाऊ. दंतकथा अशी की उपवासाच्या दिवसांत माउलब्रोन मठातल्या साधूंनी देवाला दिसू नये म्हणून मांस पिठात लपवलं. म्हणून लोक त्याला गमतीनं 'देवाला फसवणारे' म्हणतात. २००९ साली युरोपीय संघानं या पदार्थाला भौगोलिक मानांकन दिलं. चोरून खाल्लेल्या घासालाही तिथं सरकारी शिक्का मिळतो!

मला सगळ्यात आवडली ती मेनूकार्डावरची एक ओळ. मसूर श्वेबिश आल्बचा आहे, असं तिथं लिहिलं होतं. आल्ब हे स्टुटगार्टच्या दक्षिणेचं पठार. खडकाळ, पाणी न धरणारी जमीन, गरीब शेतकरी. तिथला मसूर परवडेना म्हणून १९६०च्या दशकात लोकांनी तो पेरणं सोडलं आणि जुनं बियाणंही हरवलं. २००६ साली ते रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात सापडलं. मूठभर बियांपासून पुन्हा शेती उभी राहिली आणि आज खाणावळी तो मसूर नाव सांगून विकतात. गरिबाचं जेवण लपवायचं नाही, त्याचं गाव सांगायचं, ही त्या खाणावळीची खरी श्रीमंती.

पण त्या कार्डावर एक गोष्ट नव्हती. स्वयंपाकघराचं दार उघडलं की आतून जे बोलणं ऐकू यायचं ते जर्मन नव्हतं. परंपरा तिथली, हात बाहेरचे. १९६१च्या करारानंतर तुर्की कामगार जर्मनीत आले, आज डोनर कबाब देशभर रोज खाल्ला जातो, तरी 'पारंपरिक' म्हणवणाऱ्या या दालनात त्याला जागा नाही. भिंतीवर आजोबा-पणजोबांचे फोटो होते. आज मसूर ढवळणाऱ्याचा एकही नव्हता.

हे आपल्याला का टोचावं? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. स्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी. करारातल्या कामांत नर्स, इलेक्ट्रिशियन यांच्यासोबत हॉटेलातले वेटर आणि स्वयंपाकीही आहेत. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला एखादा पोरगा उद्या त्या गास्टहाउसात जाईल तो बहुधा मागच्या दारानं. जावंच, पगार चांगला आहे. पण तो ज्या हातानं श्पेत्झले खरवडेल त्या हाताला वरणफळं ठाऊक आहेत, हे त्याला तिथं कोण विचारणार? आणि इथं तरी आपण कुठं विचारतो? आपल्या हायवेवरच्या मेनूत वरणफळं नाहीत. धानपट्ट्यातली लाखोळीची डाळ नाही. तूर कोणत्या गावची, हे तर कुणीच लिहीत नाही.

त्या रात्री बिल आलं तेव्हा वेटरनं विचारलं, एकत्र की वेगवेगळं? भावानं मला पाकिटाला हात लावू दिला नाही. आजूबाजूच्या टेबलांवर जो तो आपापले पैसे मोजत होता.

परत आलो त्या दिवशी आईनं पनीर आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, वरणफळं कर. ती म्हणाली, "इतक्या लांबून आला अन् हेच खाशील काय?" मी तिला सोळा युरोचे रुपये करून सांगितले. तिनं आधी विश्वास ठेवला नाही. मग विचारलं, "फोडणी कशाची देतात?"