उपकरणाची ओळख आणि व्यक्तीचा खासगीपणा : आधार-प्रमाणीकरणाची एक चिकित्सा

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार क्रमांकांच्या वाटपास प्रारंभ झाला. तेव्हापासूनची चर्चा मुख्यतः बोटांच्या ठशांभोवती फिरली. ठसा घेणाऱ्या यंत्राकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही.

२०१७ मध्ये भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने नोंदणीकृत उपकरणे सक्तीची केली. साठवलेला ठसा पुन्हा पाठवून फसवणूक होऊ नये, हा त्यामागील हेतू रास्तच होय. अशा उपकरणाकडून येणारा ठसा कूटबद्ध असतो व त्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. ‘एल-शून्य’ प्रकारात हे कार्य जोडलेल्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये, तर ‘एल-एक’ प्रकारात हार्डवेअरमधील संरक्षित कक्षात घडते. सुरक्षिततेच्या दृष्टीने दुसरा प्रकार निःसंशय सरस.

परंतु प्रत्येक विनंतीसोबत त्या उपकरणाचा स्वतंत्र सांकेतिक क्रमांकही प्राधिकरणाकडे जातो. नागपुरातील एखाद्या रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्र सहसा त्याच दुकानात असते. साहजिकच अंगठा कोणी व केव्हा लावला यासोबत तो कोठे आणि कशासाठी लावला, याचाही अंदाज बांधता येतो. २०१६ च्या आधार अधिनियमातील कलम ३२(३) प्रमाणीकरणाचा हेतू नोंदविण्यास प्राधिकरणाला मनाई करते. कायद्याने दाराबाहेर ठेवलेली माहिती यंत्रामार्फत खिडकीतून आत येऊ शकते, ती अशी. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रमाणीकरणाच्या नोंदी सहा महिन्यांपलीकडे ठेवण्यास प्रतिबंध केला खरा. तथापि नोंदीत काय असावे हा प्रश्न मुदतीच्या प्रश्नाहून वेगळा आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यात नागपूर येथेच कायद्याचे शिक्षण घेतलेले न्या. शरद बोबडे यांचे स्वतंत्र मतपत्र आहे. कोणाच्याही पाळतीविना आपले व्यवहार करण्याची मुभा त्यांनी खासगीपणात अंतर्भूत मानली. ही कसोटी उपकरणाच्या रचनेलाही लावावयास हवी.

यावर तांत्रिक पर्याय नाहीत असे नव्हे. ब्रिकेल, कामेनिश व चेन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत उपकरण आपला अस्सलपणा सिद्ध करते, पण आपण नेमके कोणते हे सांगत नाही. फुटलेली किल्ली नाकारण्याची सोयही तीत आहे. फिडो संघटनेच्या प्रमाणीकरणात एकच प्रमाणक-किल्ली किमान एक लाख उपकरणांत वापरण्याचा संकेत आहे. धान्य कोणत्या दुकानातून उचलले गेले हे पुरवठा विभागास कळणे आवश्यकच आहे. ठसा जुळतो की नाही एवढेच सांगणाऱ्या प्राधिकरणास त्या दुकानाचे यंत्र ओळखण्याची आवश्यकता काय, याचे समर्पक उत्तर विद्यमान रचनेत आढळत नाही.