गोजिरा : एका भयाचे माध्यमांतर

एका माध्यमात जन्मलेली कथा दुसऱ्या माध्यमात गेली की तिचे काय होते, हा प्रश्न नाट्यरूपांतरांच्या आणि चित्रपटरूपांतरांच्या निमित्ताने आपल्याकडे वारंवार चर्चिला जातो. त्या चर्चेत बहुधा मूळ कृतीशी निष्ठा हाच निकष मानला जातो. परंतु जिला एकच एक प्रमाणग्रंथ नाही, जी आरंभापासूनच अनेक माध्यमांत पसरत गेली, त्या कथेच्या बाबतीत ही निष्ठा कशाशी मोजावयाची? जपानमधील गोजिरा या महाकाय प्राण्याची सत्तर वर्षांची वाटचाल या दृष्टीने अभ्यसनीय आहे. जगात तो ‘गॉडझिला’ या इंग्रजी नावाने ओळखला जातो. मूळ जपानी नाव ‘गोरिला’ आणि ‘कुजिरा’, म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या संयोगातून झाले आहे. मराठी कानाला ते नाव भलतेच लाडिक वाटावे, हा एक योगायोगच होय.

1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील 23 खलाशांवर पडली, आणि त्यांपैकी एकाचा सप्टेंबरात मृत्यू झाला. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला ‘गोजिरा’ हा चित्रपट प्रकाशित झाला, आणि त्याचा आरंभ समुद्रात एका नौकेचा अकस्मात नाश होण्याने होतो. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी युद्धावरून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिले होते. मूळ कथा लिहिणारे शिगेरु कायामा हे व्यवसायाने लेखक. त्याच वर्षी या कथेचे नभोनाट्य झाले व ती पुस्तकरूपानेही आली. म्हणजे माध्यमांतर ही या कथेची पुढील काळातील विकृती नव्हे. तो तिचा जन्मजात स्वभाव आहे.

या पहिल्या चित्रपटात भयानक रस उघड आहे. पण अंगी रस करुण आहे, असे मला वाटते. जळत्या नगरात एक माता मुलांना उराशी धरून, आता आपण तुमच्या वडिलांकडेच जाणार, असे सांगते. रुग्णालयात एका बालकाच्या देहाजवळ किरणोत्सार मोजणारे यंत्र कडकडू लागते. ज्या शास्त्रज्ञाच्या शोधाने प्राण्याचा अंत होतो, तो सेरिझावा आपली टिपणे जाळतो व प्राण्याबरोबर स्वतःही समुद्रतळाशी मरण पत्करतो. कारण ते अस्त्र उद्या राज्यकर्त्यांच्या हाती पडेल, हे त्याला ठाऊक असते. येथे राक्षसाचा वध हा विजय ठरत नाही. मारणाऱ्याचे ज्ञानच मारल्या जाणाऱ्याहून भयंकर आहे, ही जाणीव या कृतीचा गाभा आहे.

पुढे काय झाले? 1956 साली अमेरिकेत हा चित्रपट काटछाट करून आणि एका अमेरिकन वार्ताहराचे पात्र घुसवून दाखविण्यात आला. नागासाकीतून वाचलेली एक स्त्री आगगाडीत बोलते, तो प्रसंग त्यात गळला. माध्यम तेच राहिले, तरी अर्थ क्षीण झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. 1962 मध्ये किंगकाँगशी त्याची झुंज लागली. 1964 मध्ये तो पृथ्वीच्या रक्षणासाठी इतर प्राण्यांच्या बाजूने लढला. 1967 मध्ये त्याला पुत्रही लाभला. 1978 च्या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेत तर तो एका संशोधक-नौकेच्या हाकेला धावून येतो. भयानकाची जागा अद्भुताने आणि अद्भुताची हास्याने घेतली. गोजिरा अखेर मराठी अर्थानेही गोजिरा झाला.

याचा दोष लोकप्रिय माध्यमांना देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण वस्तुस्थिती तसे करू देत नाही. याच परिवारातील ‘मोथ्रा’ या पतंगदेवतेची कथा 1961 मध्ये नाकामुरा, फुकुनागा आणि होत्ता या तीन मान्यवर साहित्यिकांनी लिहिली. 1962 च्या त्या झुंजीच्या चित्रपटातही होंडांनी दूरचित्रवाणीवरील जाहिरातबाजीचा उपहास साधला. बालप्रेक्षकांच्या त्या पर्वातच, 1971 साली, कारखान्यांच्या सांडपाण्यावर पोसलेला हेडोरा नावाचा राक्षस आला, आणि प्रदूषणाचा प्रश्न मुलांपुढे मांडला गेला. हास्य वा बालरंजन हे मुळात हीन नव्हे. ऱ्हास होतो तो प्राण्यामागील माणसांचे दुःख नाहीसे झाले म्हणजे.

याचा प्रत्यय अलीकडच्या दोन चित्रपटांनी दिला. 2016 च्या ‘शिन गोजिरा’मध्ये संकटापुढे बैठकांवर बैठका घेणारे शासन दिसते, 2011 चा भूकंप व फुकुशिमाची अणुदुर्घटना त्यामागे स्पष्ट आहेत. 2023 च्या ‘गोजिरा मायनस वन’चा नायक आत्मघाती विमानदलातून जिवंत राहिलेला, म्हणूनच स्वतःला अपराधी समजणारा वैमानिक आहे. सेरिझावाने मरण स्वीकारले होते. हा तरुण जगावयास शिकतो. 2024 मध्ये या चित्रपटाला दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळाले. परंतु त्याचे खरे यश असे की, त्याने 1954 च्या प्रश्नाची पुनरुक्ती न करता त्याला उत्तर दिले.

तेव्हा निष्ठा कथानकाशी नव्हे, माध्यमाशीही नव्हे; ती ज्या वेदनेतून प्रतिमा जन्मली, तिच्याशी मोजावयास हवी. नव्या काळाची नवी वेदना सामावून घेणारी प्रतिमा दहा माध्यमांतून फिरली तरी जिवंत राहते. केवळ आकार उरलेली प्रतिमा मूळ माध्यमातही खेळणे होऊन बसते. आपले विद्यार्थी वर्गात अशा प्रतिमा घेऊनच येतात. त्यांना हसून बाजूला सारण्यापेक्षा, हा राक्षस कोणाच्या दुःखातून उठला, एवढा एक प्रश्न शिक्षकाने त्यांच्यापुढे ठेवला, तर रसविचाराचा पहिला धडा तेथेच सुरू होईल.