अंकीय रंगलेपनातील प्रकाशाचा प्रश्न : कल्पनारम्य व्यक्तिचित्रांच्या अध्यापनपद्धतीची एक चिकित्सा

कल्पनारम्य पात्रांची चित्रे संगणकावर रंगवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आज साधनांची उणीव नाही. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली, १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअरची सोय झाली आणि तेव्हापासून रंगलेपनाचे स्वरूपच पालटले. रेषा एका लेअरवर, सपाट रंग दुसऱ्यावर, सावली तिसऱ्यावर आणि चमक चौथ्यावर, अशी कामाची विभागणी रूढ झाली. ही विभागणी सोयीची आहे, हे निर्विवाद. मात्र त्यातून प्रकाशाचे ज्ञान होते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

नवशिक्यास प्रथम सांगितला जाणारा मार्ग असा : संपूर्ण आकृती करड्या छटांत पूर्ण करावी आणि नंतर ‘कलर’ किंवा ‘ओव्हरले’ या मिश्रणप्रकाराने तीवर रंग चढवावा. करड्या छटांत प्रथम रचना करण्याची ही रीत तैलरंगाच्या परंपरेतही होती, त्यामुळे तिला प्रतिष्ठा सहज मिळते. अडचण येते ती वस्तूच्या अंगच्या रंगाची. प्रत्येक रंगाची स्वतःची उजळता असते. पडद्यावरील शुद्ध पांढऱ्या रंगाच्या दीप्तीत हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ टक्के, तर निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. विद्यार्थी मात्र पितांबर, काळे केस आणि गोरी कांती यांना जवळजवळ सारखाच करडा रंग देतो. ‘कलर’ प्रकार खालची उजळता कायम राखतो, म्हणून मध्यम करड्यावर चढविलेला पिवळा सोन्यासारखा न दिसता शेवाळी दिसतो. विद्यार्थी रंग बदलत राहतो. दोष खालच्या करड्यात आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

सावलीसाठी ‘मल्टिप्लाय’ लेअरवर एकच जांभळी छटा फासण्याची सवय याहून अधिक विचारणीय आहे. येथे दोन रंगांच्या किमतींचा गुणाकार होतो. त्वचेच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या किमती ०.८, ०.६, ०.५ आणि जांभळ्याच्या ०.६, ०.५, ०.७ धरल्यास परिणाम ०.४८, ०.३०, ०.३५ येतो. म्हणजे त्वचा गडद होते आणि तिची पिवळसर झाक जाऊन ती गुलाबट-जांभळी बनते. या क्रियेस सरसकट चूक म्हणता येणार नाही. पृष्ठभागावर पडलेला प्रकाश आणि पृष्ठभागाची परावर्तनक्षमता यांचा गुणाकार हेच तर निसर्गातही घडते. चूक आहे ती सर्वत्र एकच प्रकाश गृहीत धरण्यात. उघड्यावर उभ्या असलेल्या योद्ध्याच्या सावलीतल्या खांद्यावर आकाशाची निळाई उतरते, तर हनुवटीखाली तापलेल्या जमिनीचा उबदार प्रकाश वर येतो. काखेत आणि कंबरपट्ट्याखाली दोन्ही पोहोचत नाहीत. कोणता पृष्ठभाग कोणत्या दिशेस वळला आहे, हे कळल्याखेरीज सावली रंगविता येत नाही. आणि हा प्रश्न लेअरचा नसून आकाराच्या आकलनाचा आहे.

जादूच्या तलवारीचे तेजही असेच. बिंदुवत स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एकचतुर्थांश उरतो. तरीही विद्यार्थ्यांच्या चित्रांत मुठीइतकीच नारिंगी झळाळी पायातल्या वहाणांवरही आढळते!

या पार्श्वभूमीवर जेम्स गर्नी यांचे ‘कलर अँड लाइट’ (२०१०) हे पुस्तक महत्त्वाचे ठरते. ‘डायनोटोपिया’ (१९९२) या मालिकेचे हे चित्रकार प्रामुख्याने तैलरंगात काम करतात, तथापि त्यांच्या पुस्तकास अंकीय चित्रकारांमध्ये मोठा वाचकवर्ग लाभला. न पाहिलेला प्राणी रंगविण्यापूर्वी ते त्याची लहान प्रतिकृती घडवून ती प्रत्यक्ष प्रकाशात ठेवतात. कल्पना आणि निरीक्षण यांत विरोध मानण्याची जी सवय आपल्याकडील कलाचर्चेत रुजली आहे, तिला हे उत्तम उत्तर होय. पुस्तकाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्यातील विषय छोट्या-छोट्या प्रकरणांत विखुरले आहेत. आधी काय शिकावे आणि मागाहून काय, याचा क्रम वाचकाला स्वतःच लावावा लागतो. शिक्षकाविना वाचणाऱ्यास ते संदर्भग्रंथासारखे वाटते.

महाराष्ट्राला हा प्रश्न सर्वस्वी नवा नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. तेथील शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे आणि एकावर एक ठसे उमटून चित्र पूर्ण होई. लेअरचीच ती वजनदार पूर्वज म्हणावी. मात्र प्रत्येक दगडावर किती रंग ठेवायचा, याचा निर्णय समोरच्या मूळ चित्रावरून होत असे. त्या चित्रातील देवतांच्या अंगावरचा प्रकाश जिवंत माणसांना समोर बसवून केलेल्या अभ्यासातून आलेला होता.

२०२२ नंतर शब्दांवरून चित्र तयार करणाऱ्या प्रणाली सर्वत्र पोहोचल्या आणि गुळगुळीत, झळाळते पृष्ठ क्षणात मिळू लागले. अशा स्थितीत केवळ अंतिम चित्रास गुण देणारी परीक्षा नेमके काय तपासते? शाडूचे एक मस्तक, एक दिवा आणि एक निळा कागद एवढ्या साहित्यावर पहिले सत्र घेता येईल. विद्यार्थ्याने संगणकास हात लावण्यापूर्वी त्या मस्तकाच्या हनुवटीखालचा रंग तीन वेगवेगळ्या प्रकाशांत नोंदवावा आणि ती नोंद अंतिम चित्रासोबत सादर करावी.